काकांच्या गाठीच्या रिपोर्टात ‘व्हीएचएल म्युटेशन’: घरातल्या सगळ्यांनी टेस्ट करायची का?

मुग्धा_इंदूर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझे धाकटे काका, वय ४४, राजेंद्रनगरात राहतात. मार्चमध्ये पोट दुखत होतं, पित्ताशयात खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली. खडे नव्हते, डाव्या किडनीवर साडेचार सेंटिमीटरची गाठ होती. लघवीतून रक्त नाही, कंबरदुखी नाही, काहीच नाही. ऑपरेशनमध्ये गाठ आणि तेवढाच किडनीचा भाग काढला, बाकीची किडनी वाचली. बायोप्सीत ‘क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा’ (किडनीच्या कॅन्सरचा एक प्रकार) आलं, किडनीबाहेर पसरलेलं नव्हतं. काका आता घरी आहेत, सकाळी चालत जाऊन पोहे खातात आणि आल्यावर काकूची बोलणी खातात.

इथवर ठीक होतं. पण कुणीतरी सुचवलं म्हणून गाठीचा तुकडा जीन टेस्टिंगला पाठवला. भलामोठा रिपोर्ट आला, पहिल्याच पानावर लाल चौकटीत ‘व्हीएचएल, पॅथोजेनिक’, म्हणजे व्हीएचएल नावाच्या जनुकात रोगकारक बदल. चुलतभावानं (इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष) रात्रभर गूगल केलं आणि सकाळी जाहीर केलं की हा फॉन हिप्पेल-लिंडाऊ नावाचा आनुवंशिक आजार आहे, मेंदूत आणि डोळ्यांतही गाठी होतात, मुलांमध्ये येण्याची शक्यता पन्नास टक्के. तेव्हापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही.

त्यात आत्तेबहिणीचं लग्न जमतंय. आत्या विचारते, मुलाकडच्यांना सांगावं लागेल का? बाबा म्हणतात आपल्या घराण्यात कुणाला कॅन्सर नव्हता, रिपोर्टच चुकलाय. ओपीडीत विचारलं तर मागे चाळीस पेशंट उभे, दोन मिनिटांत बाहेर.

तर सगळ्यांनी टेस्ट करायची का? कुणी आधी? आणि कुठे?

ग्वाल्हेरचा_गणू

पहिला! गूगल डॉक्टर फी घेत नाही, त्यामुळे एका पेशंटबरोबर अख्खं कुटुंब ॲडमिट करतो. काकांना शुभेच्छा. पोह्यांवर शेव कमी घ्या म्हणावं.

रामबागकर

मुग्धा, तुझ्या बाबांचं बरोबर आहे. हल्ली टेस्टचा धंदा झालाय. आमच्या वेळी नाडी बघून सांगायचे. माझं वय ७३, आजवर एक सोनोग्राफी नाही.

पेशीकोश

पेशानं पॅथॉलॉजिस्ट. मूळचा इंदूरचा, एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलो, सध्या पुण्यात. काकांच्या स्लाइड्स मी पाहिलेल्या नाहीत, तेव्हा हा सल्ला समजू नका, विषय समजायला मदत म्हणून घ्या.

मुग्धा, रिपोर्टच्या वरच्या भागात ‘स्पेसिमेन’ लिहिलेलं असेल. त्यापुढे काय आहे ते आधी पाहा. ‘एफएफपीई टिश्यू’ (फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) असेल तर तपासणी गाठीची झाली आहे, काकांची नाही. तुमच्या घरातला सगळा गोंधळ या एका ओळीपाशी आहे.

जनुकातले बदल दोन वेगळ्या वाटांनी येतात. काही आईवडिलांकडून येतात, ते जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतात आणि पुढच्या पिढीत जाऊ शकतात. यांना आम्ही जर्मलाइन म्हणतो. दुसरे आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत घडतात, त्या पेशीच्या वंशात म्हणजे गाठीत राहतात आणि माणसाबरोबर संपतात. ते सोमॅटिक. क्लिअर सेल प्रकारच्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठींमध्ये व्हीएचएल जनुकात म्युटेशन सापडतं. जनुक तसंच राहून नुसतं बंद पडलेलं असणं, किंवा तिसऱ्या गुणसूत्राचा तो तुकडाच गळालेला असणं, हे प्रकार धरले तर आकडा नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो. आणि या पेशंटांपैकी बहुतेकांना आनुवंशिक आजार नसतो. क्लिअर सेलच्या गाठीत व्हीएचएल सापडणं म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा सापडणं. लाल चौकट कशासाठी, ते लॅबलाच ठाऊक.

आता हे जनुक करतं काय. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ नावाची प्रथिनं जागी होतात, नव्या रक्तवाहिन्या मागवतात, साखर जास्त ओढतात. ऑक्सिजन पुरेसा असेल तेव्हा व्हीएचएलचं प्रथिन या एचआयएफला पकडून मोडीत काढतं. व्हीएचएल बिघडलं की भरपूर ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरल्याच्या भ्रमात राहते आणि रक्तवाहिन्या वाढवत सुटते. हे गणित उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९चं नोबेल मिळालं. ऑपरेशनहून आलेली अशी गाठ आम्ही टेबलावर कापतो तेव्हा आतून पिवळीधमक असते, मध्ये मध्ये रक्ताचे डाग. पिवळेपणा चरबीचा. स्लाइड बनवताना ती चरबी आणि साखरेचा साठा विरघळून जातो, मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचं पोट रिकामं, पारदर्शक दिसतं आणि भोवती बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. म्हणून नाव क्लिअर सेल.

आता उलटी बाजू. एवढं सांगूनही काकांनी रक्ताची जर्मलाइन टेस्ट करावी असंच मी म्हणेन, पण त्याचं कारण लाल चौकट नाही. कारण त्यांचं वय. किडनीचा कॅन्सर साधारण साठीच्या आसपासचा आजार. ४६ किंवा त्याआधी झाला तर आनुवंशिक कारण तपासून घ्यावं असं अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दोन्ही किडन्यांत गाठी, एकाच किडनीत अनेक गाठी, किंवा जवळच्या नात्यात दुसरा पेशंट, हीदेखील तशीच कारणं.

आणि क्रम: आधी काका. फक्त काका. त्यांच्या रक्तात हा बदल नसेल तर तो घराण्यात शोधत बसायचं कारणच उरत नाही. असेल तर मग तेवढा एकच बदल बाकीच्यांत शोधायचा, ती टेस्ट पूर्ण पॅनलपेक्षा (एकदम अनेक जनुकांच्या तपासणीपेक्षा) कितीतरी स्वस्त पडते. तुम्ही, बाबा, आत्तेबहीण यांनी आज स्वतःच्या टेस्टवर पैसे घालणं म्हणजे पत्ता माहीत नसताना घरं शोधत फिरणं.

सीमाताई

पेशीकोश, फार छान समजावलंत. वाचनखूण साठवली.

मुग्धा_इंदूर

पाहिलं. ‘एफएफपीई टिश्यू ब्लॉक’ असंच आहे! चुलतभावाला दाखवलं, तो म्हणतो की पुढे ‘व्हेरियंट अलील फ्रिक्वेन्सी ३८ टक्के’ लिहिलंय, म्हणजे तपासलेल्या डीएनएच्या प्रतींपैकी ३८ टक्क्यांत हा बदल आहे, आणि पन्नासच्या जवळ असेल तर जन्मजात असतं असं त्यानं कुठेतरी वाचलंय.

पेशीकोश

मुलगा हुशार आहे, त्याला झोपायला सांगा. जन्मजात बदल रक्तात पन्नास टक्क्यांच्या आसपास दिसतो हे खरं. पण गाठीच्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी, निरोगी पेशी, रक्तातल्या पेशी सगळ्यांची मिसळ असते, त्यात जनुकाच्या दोन प्रतींपैकी चांगली प्रत गळाली की टक्केवारी वर सरकते. त्या ३८ वरून इकडचं किंवा तिकडचं काहीच सिद्ध होत नाही. रक्त द्या, प्रश्न मिटेल.

रामबागकर

घराण्यात कुणाला नव्हता याला काही किंमत नाही का मग? आमच्या कुलवृत्तांतात सात पिढ्या आहेत. होळकरांच्या वेळेपासून आम्ही इथे. एकालाही किडनीचा कॅन्सर नाही.

सीमाताई

काका, राग मानू नका, पण कुलवृत्तांत उघडून बघा. प्रत्येक मुलाला क्रमांक, पुढे त्याची मुलं, त्यांचे उद्योग, कुणाला कुठली पदवी. मुलींसाठी एक ओळ: अमक्या गावी अमक्यांकडे दिली. पुढे काहीच नाही. आजीच्या माहेरचं तर नावही नसतं. जनुकं आडनाव बघून उतरत नाहीत. मुलाकडे जितकी, तितकीच मुलीकडे. आत्याच्या मुलांकडे, मावशीकडे, आजीच्या भावांकडे कोण कशानं गेलं हे माहीत नसेल तर ‘घराण्यात नव्हता’ हे वाक्य अर्ध्याच घराण्याबद्दल आहे.

माझ्या नणंदेच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या वेळी मुंबईला टाटा मेमोरियलच्या कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिकमध्ये गेलो होतो. समुपदेशक बाईंनी मोठा कागद घेतला, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर तिरकी रेघ. माहेर-सासर दोन्हीकडच्या तीन पिढ्या विचारल्या. आम्हाला अर्ध्या चौकोनांचं वयही सांगता येईना. घरी येऊन सगळ्या म्हाताऱ्यांना फोन लावले तेव्हा कुठे कागद भरला.

पेशीकोश

+१ सीमाताई. आमच्याकडे येणाऱ्या दहा केस पेपरांत नऊ वेळा ‘फॅमिली हिस्टरी: नथिंग सिग्निफिकंट’ असतं, आणि ते कुणी विचारलेलंच नसतं.

मुग्धा, काकांची टेस्ट होईपर्यंत हे काम करा, फुकट आहे. नुसतं ‘कॅन्सर होता का’ विचारू नका, त्यावर उत्तर नाहीच येतं. असं विचारा: कुणाची नजर तरुणपणी गेली का, मेंदूचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालं का, तरुणपणी बीपी एकदम चढून घाम-धडधड असं कुणाला व्हायचं का (किडनीच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीनं होतं). हे व्हीएचएलसाठी. मग कुणाचं फुप्फुस आपोआप फुटलं का, अंगावर गाठी होत्या का, बायकांत कुणाचं गर्भाशय कमी वयात काढलं का. ही वेगळी जनुकं आहेत, ती पुढे सांगतो. जुन्या माणसांच्या भाषेत उत्तरं येतील, ‘पोटात गोळा होता’, ‘डोक्यात गाठ झाली’, ‘एकाएकी आंधळा झाला’. तशीच लिहून घ्या, सुधारू नका.

ग्वाल्हेरचा_गणू

एक बाळबोध शंका. समजा काकांच्या रक्तात निघालं. मग काय? जनुक बदलता येत नाही. मग कळून घेऊन जिवाला घोर का लावून घ्यायचा? मला तर रामबागकरांचंच पटतंय.

पेशीकोश

शंका बाळबोध नाही, हीच खरी शंका आहे.

व्हीएचएल आजार दुर्मीळ, साधारण ३६ हजार जन्मांत एक. पण ज्याला आहे त्याला साठीपर्यंत किडनीचा कॅन्सर होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांपर्यंत जाते. का, याचं उत्तर १९७१मध्ये अल्फ्रेड नडसन यांनी डोळ्याच्या एका कॅन्सरवरून दिलं होतं: जनुकाच्या दोन प्रती, दोन्ही बिघडल्या तर गाठ. तुम्हाआम्हाला एकाच पेशीत दोन अपघात व्हावे लागतात. व्हीएचएलवाला पहिला अपघात घेऊनच जन्मतो, त्यामुळे त्याच्या गाठी लवकर येतात, दोन्ही किडन्यांत येतात, पुन्हा पुन्हा येतात.

आता माहीत असल्याचा फायदा. या मंडळींच्या गाठी तीन सेंटिमीटरपर्यंत नुसत्या एमआरआयवर पाहत राहतात, त्या पलीकडे गेली की तेवढीच काढतात आणि किडनी राखतात. माहीत नसेल तर पहिल्याच गाठीला अख्खी किडनी काढली जाते, आणि पुढे दुसरीत गाठ येते तेव्हा डायलिसिस. डोळ्यांची तपासणी तर वर्षाच्या आतल्या बाळापासून सुरू करतात, कारण पडद्यावरची गाठ लहान असताना लेझरनं जाळता येते. म्हणूनच हा आजार अशांपैकी आहे ज्यात लहान मुलांचीही टेस्ट करतात. शिवाय २०२१मध्ये अमेरिकेत बेल्झुटिफॅन नावाची गोळी मंजूर झाली, ती थेट एचआयएफ-२ लाच (वर सांगितलेल्या एचआयएफ प्रथिनांपैकी एकाला) अडवते. जनुक बदलत नाही, त्यानं उठवलेला गोंधळ थोपवते.

ग्वाल्हेरचा_गणू

मान्य. शब्द मागे. (फक्त पोह्यांबद्दलचे नाही.)

वृषाली_बडोदे

इथे लिहू की नको असं चाललं होतं, पण फुप्फुसाचा उल्लेख आला म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याचं उजवं फुप्फुस ३१व्या वर्षी फुटलं. बसल्याजागी छातीत कळ, श्वास घेता येईना. नळी घातली, बाटलीत बुडबुडे, चार-पाच दिवसांनी घरी. सडपातळ उंच मुलांना होतं, असं सांगितलं. तीन वर्षांनी डावं. तेव्हाही कुणी पुढे काही शोधलं नाही. पुढे चेहऱ्यावर नाकाच्या बाजूनं आणि गालांवर मोहरीएवढे पांढरट कडक दाणे यायला लागले. पार्लरवाली म्हणाली मिलिया, सुईनं काढून देते. निघेनात. अलकापुरीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून बरंच वेळ पाहिलं आणि दाण्यांबद्दल काहीच न बोलता विचारलं, ‘तुमचं फुप्फुस कधी फुटलं होतं का?’ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

बर्ट-हॉग-ड्यूबे सिंड्रोम. एफएलसीएन नावाचं जनुक. पोटाचा एमआरआय केला तर उजव्या किडनीत १.४ सेंटिमीटरची गाठ. अजून तेवढीच आहे, दरवर्षी एमआरआय करतो. सासूबाईंच्याही गालावर तसेच दाणे होते, आम्ही त्यांना वयाचे समजत होतो. त्यांच्या माहेरी मिरजेला एक भाऊ ‘दम लागून’ पस्तिशीत गेले होते. सीमाताईंचा कागद आमच्याकडे आजीच्या माहेरी जाऊन भरला.

दिरांनी टेस्ट करायला साफ नकार दिलाय. त्यांचा हक्क आहे, पण त्यांना दोन मुली आहेत. काय बोलावं कळत नाही.

पेशीकोश

वृषालीताई, त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंना माझा नमस्कार सांगा. हे निदान बहुतेक वेळा असंच कुणाच्या तरी नजरेनं होतं. दिरांवर जबरदस्ती करता येत नाही. पण मुली सज्ञान झाल्या की माहिती त्यांच्यापर्यंत पोचायला हवी, आणि ती पोचवायचा मार्ग समुपदेशकांबरोबर बसून ठरवा. विमानप्रवास, स्कूबा याबद्दल छातीच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

निवृत्त_केमिकलवाला

मीही बडोद्याचा. मकरपुरा जीआयडीसीत वर्कशॉपमध्ये उमेद गेली. हा धागा जनुकांचा आहे, पण मला माझी एक बाजू मांडायची आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकात सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला आम्ही ट्रायक्लोरोइथिलीन वापरायचो. ‘ट्राय’ म्हणायचो. टाकी तापवायची, वर वाफ, जाळीची टोपली आत सोडायची, भाग कोरडे ठणठणीत बाहेर. वास गोडसर. दुपारपर्यंत डोकं हलकं व्हायचं, पोरं टाकीजवळची पाळी मागून घ्यायची. हातमोजे कागदावर. माझ्या बरोबरीच्या एकाला पुढे किडनीचा कॅन्सर झाला. तो विडीही ओढायचा, तेव्हा कशामुळे ते मी ठामपणे म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं ट्रायला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलंय, आणि तेही किडनीच्याच कॅन्सरच्या पुराव्यावर.

पेशीकोश, टाकीवर आम्ही सारेच होतो. झाला एकाला. यात जनुकांचा भाग असतो का?

पेशीकोश

असतो, आणि तुमचं उदाहरण या धाग्यातलं सगळ्यात मजेशीर आहे (शास्त्राच्या दृष्टीनं, तुमच्या मित्राबद्दल वाईट वाटलं).

ट्राय स्वतः किडनीला फारसं काही करत नाही. शरीर त्याला ग्लुटाथायोन या पेशीतल्या रसायनाशी जोडून बाहेर टाकायचा प्रयत्न करतं आणि किडनीत पोचल्यावर त्यातूनच विषारी तुकडे तयार होतात. या जोडकामात जीएसटीटी१ नावाचं एन्झाइम असतं. बऱ्याच निरोगी लोकांमध्ये हे जनुक मुळातच नसतं, दोन्ही प्रती गायब, आणि त्यांचं काही अडत नाही. मध्य युरोपातल्या कामगारांवरचा अभ्यास २०१०मध्ये आला. त्यात ट्रायशी संबंध आलेल्यांपैकी ज्यांचं हे जनुक शाबूत होतं त्यांच्यातच धोका वाढलेला दिसला. ज्यांना जनुक नव्हतं ते वाचले. म्हणजे ‘चांगलं जनुक, वाईट जनुक’ अशी वाटणी इथे चालत नाही. टाकी नसती तर त्या जनुकामुळे काहीच बिघडलं नसतं.

ओंकार_२७

माझ्याकडे थुंकीवाल्या किटचा रिपोर्ट आहे, घरबसल्या केलेला. ‘किडनी कॅन्सर: सरासरीपेक्षा १.३ पट’. नारिंगी रंगात. घाबरू का?

पेशीकोश

नको. तो तिसराच प्रकार.

व्हीएचएल, एफएच, एफएलसीएन, मेट, बॅप१ ही एकेकटी जनुकं, बिघडली की मोठा धक्का, पण फार थोड्या घरांत. किडनीच्या एकूण कॅन्सरपैकी पाच टक्क्यांच्या आसपासच अशा आजारांचे. याउलट आपल्या सगळ्यांच्या डीएनएत बारीकसारीक फरक असतात, प्रत्येकाचा परिणाम किरकोळ. २०२४मध्ये एक मोठा अभ्यास आला, २९ हजारांवर पेशंट आणि आठ लाखांवर निरोगी माणसं. त्यात धोक्याशी जोडलेल्या अशा ६३ जागा निघाल्या, त्यातल्या ५० नव्या. तुमच्या किटनं अशाच जागांची बेरीज केली असणार. १.३ पट ऐकायला मोठं वाटतं, पण भारतात मुळात हा कॅन्सर युरोप-अमेरिकेपेक्षा बराच कमी, त्या लहान आकड्याचं १.३ पट म्हणजे लहानच आकडा. शिवाय अशा अभ्यासांतली बहुसंख्य माणसं युरोपीय वंशाची. तिथली बेरीज इंदूरच्या माणसाला कितपत बसते हे आपल्याकडच्या माहितीवरच ठरेल. जीनोम इंडिया प्रकल्पानं दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून जानेवारी २०२५मध्ये संशोधकांना खुले केलेत, त्यातून हळूहळू होईल.

अवांतर: त्या जागांपैकी एक ईपीएएस१ या जनुकापाशी आहे. हे एचआयएफ-२ चंच जनुक. याचाच एक वेगळा अवतार तिबेटी लोकांना विरळ हवेत जगायला मदत करतो, आणि तो त्यांच्याकडे डेनिसोव्हन या लुप्त झालेल्या मानवांकडून आला. किडनीची गाठ आणि तिबेटचं पठार एकाच जनुकापाशी भेटतात, मला याची गंमत वाटते.

ओंकार_२७

कमाल. म्हणजे किटचे पैसे पाण्यात.

पेशीकोश

सिगारेट ओढत असलात तर ती सोडा, बीपी मोजा, वजन आवरा. जोडीला, सख्ख्या नात्यात पेशंट असेल तर धोका साधारण दुप्पट असतो, तेव्हा आईवडिलांना विचारा. किटपेक्षा यातून जास्त कळेल.

रामबागकर

एवढं सगळं वाचलं. गणूही फितूर झाला! काकांसाठी एक काढा सांगणार होतो, किडनी साफ करतो, ईश्वरमूळ आणि आणखी चार मुळ्या. आता सांगायची भीती वाटते.

पेशीकोश

काका, भीती वाटली ते उत्तम झालं. ईश्वरी, ईश्वरमूळ ही ॲरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती. या कुळात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं, ते किडनी निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर करतं. बाल्कन देशांत गव्हाच्या शेतात हे तण उगवायचं, पिढ्यान्‌पिढ्या गावंच्या गावं किडनीच्या आजारानं जायची. लोक तिथेही ‘घराण्याचा रोग’ म्हणायचे. २०२४मध्ये अकरा देशांतल्या ९६२ किडनी कॅन्सरच्या गाठींचे जीनोम वाचले, त्यात रुमानिया, सर्बिया आणि थायलंडच्या गाठींत या ॲसिडची खूण सापडली. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, पण एक किडनी कापलेल्या माणसाला हे देऊ नका.

रामबागकर

नाही देत. आणि बीपी मोजून घेतलं आज. १६४/९६. घरच्यांनी मोबाइल काढून घेण्याआधी हे लिहितोय.

मुग्धा_इंदूर

रामबागकर काका, आधी डॉक्टरांकडे जा! मग बाकीचं.

कागद भरला. आजी ८१, ठणठणीत. तिच्या भावंडांत कुणालाही नजर, मेंदू असलं काही नाही. पण आत्याचं गर्भाशय ३८व्या वर्षी काढलं होतं, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठी) होते. तुम्ही विचारलं होतंत म्हणून पुन्हा धडधड.

आणि लग्नाचं काय करायचं ते कुणी बोललंच नाही.

सीमाताई

लग्नाचं मी बोलते. काय सांगणार मुलाकडे? ‘माझ्या मामाच्या गाठीचा एक रिपोर्ट आहे’ हे? आज सांगण्यासारखं काही नाही. उद्या काकांच्या रक्तात निघालं तरी मुलीच्या वाट्याला यायला ते आधी आत्याकडे असायला हवं. आधी मुलीची टेस्ट होऊ दे, मग तिचं तिनं मुलाशी बोलावं. मुलाशी, त्याच्या आत्या-मावश्यांशी नाही.

पेशीकोश

बरोबर. काकांना आईवडिलांकडून आलं असेल तर आत्याकडे असण्याची शक्यता निम्मी, तिच्या मुलीकडे पाव. व्हीएचएलमध्ये पाचांत एकाला ते नव्यानंच झालेलं असतं, तेव्हा बहीण आणि भाची दोघी सुटतात.

फायब्रॉइडबद्दल: एफएच जनुकाच्या आजारात तरुणपणी मोठाले फायब्रॉइड होतात, अंगावर थंडीत दुखणाऱ्या गाठी येतात आणि किडनीचा कॅन्सर फार आक्रमक असतो, तिथे तीन सेंटिमीटरची वाट बघत नाहीत. पण फायब्रॉइड इतके सर्रास असतात की एका आत्यावरून काही ठरत नाही. आणि काकांची गाठ क्लिअर सेल आहे, एफएचवाली गाठ दिसायला निराळी.

मुग्धा_इंदूर (पाच आठवड्यांनी)

अपडेट. रक्ताचा रिपोर्ट आला. व्हीएचएल: काही नाही! काकू देवासमोर साखर ठेवून आली.

पण खाली एक ओळ: एफएच जनुक, ‘व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’. आत्याचे फायब्रॉइड आणि हे! चुलतभाऊ परत रात्रभर जागा. आत्या आजच स्वतःचं रक्त द्यायला निघालीय.

पेशीकोश

आत्याला थांबवा. व्हीयूएस म्हणजे जनुकात एक अक्षर वेगळं आहे आणि त्यानं काही बिघडतं का हे आज सांगता येत नाही. आपल्या लोकांचे रिपोर्ट डेटाबेसमध्ये कमी, त्यामुळे भारतीयांच्या वाट्याला असे व्हीयूएस जरा जास्तच येतात. व्हीयूएसवरून नातेवाइकांची भविष्यं सांगत नाहीत, ऑपरेशनं तर नाहीच नाही.

पण तुमच्या बाबतीत एक सोय आहे. गाठीचा मेणाचा ब्लॉक हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत असेल. त्यावर एफएचचा इम्युनो स्टेन (ते प्रथिन आहे की नाही हे रंगानं दाखवणारी तपासणी) करता येतो. एफएच बिघडून झालेल्या गाठीत ते प्रथिन सहसा नाहीसं झालेलं असतं. स्टेनमध्ये ते व्यवस्थित दिसलं तर या गाठीचा एफएचशी संबंध असण्याची शक्यता खूप कमी होते. अर्ज करून ब्लॉक मागा, तो पेशंटला मिळतो.

मुग्धा_इंदूर

मिळाला. बोटाच्या पेराएवढं मेण, प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार डबीत, कडेला पेन्सिलनं नंबर. बाहेर ४२ डिग्री, वितळेल म्हणून काकूनं तो फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांमागे ठेवलाय. चालेल ना?

पेशीकोश

चालेल. ते मेण साठ डिग्रीच्या आसपास वितळतं, घरात काही होत नाही. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका.

ग्वाल्हेरचा_गणू

आणि कुणी चीज समजून टोस्टवर लावू नका.

मुग्धा_इंदूर (आणखी दहा दिवसांनी)

स्टेनचा रिपोर्ट: ‘एफएच रिटेन्ड’. म्हणजे प्रथिन आहे. ऑन्कोलॉजिस्टनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून नीट वेळ दिला. म्हणाले, सध्या घरच्या कुणाची टेस्ट नको, काकांचे सीटी ठरल्याप्रमाणे होत राहतील, बीपी आणि वजनाकडे बघा. आत्या निवांत. चुलतभाऊ आता जेनेटिक्समध्ये एमएस्सी करायचं म्हणतोय, काका हबकलेत.

एकच विचारायचं राहिलं. तो व्हीयूएस असाच राहणार का आयुष्यभर?

पेशीकोश

नाही. जसजसे रिपोर्ट जमतात तसतसे व्हीयूएस पुन्हा वर्गीकृत होतात, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. लॅब आपणहून कळवेलच असं नाही. तेव्हा रिपोर्टमधलं त्या बदलाचं पूर्ण नाव (सी. आणि पी.नं सुरू होणाऱ्या दोन ओळी) लिहून ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांनी लॅबला मेल टाकून विचारा. लॅबकडून डेटा फाइलही मागून ठेवा. ब्लॉक मात्र हॉस्पिटलला परत करा, पुढे कधी लागला तर तिथे सापडेल, फ्रिजमध्ये नाही.

रामबागकर

गोळी सुरू झाली. १३८/८४. उद्या सोनोग्राफी आहे, उपाशीपोटी बोलावलंय. पाणी किती प्यायचं असतं रे?